साडेपाच टनांची चंद्रसेना

हे तुम्ही खरं मानणार नाही. आजवर कुणीच मानलेलं नाही, त्यामुळे तुम्ही मानलंत तर मलाच चुकल्यासारखं होईल. पण गडहिंग्लजच्या मैदानावर, भर सकाळी, पाच हजार माणसांच्या देखत मी एक हत्तीण उभ्याउभ्या घोरताना पाहिली आहे. चारी पाय जमिनीवर, डोळे अर्धे मिटलेले, सोंड मातीला टेकलेली, आणि घोरणं असं की कनातीला लाटा येत होत्या.

“पाचशे,” इंदू म्हणाली.

इंदू म्हणजे आमची ही. सोप्यात बसून बेदाणे निवडत होती. तासगावात राहायचं म्हटलं की कुणाच्या ना कुणाच्या घरचे बेदाणे निवडायला असतातच.

“पाचशे तर पाचशे. पण घोरत होती की नाही?”

“घोरत होती,” ती म्हणाली आणि एक काडी बाजूला टाकली.

साक्ष मिळाल्यावर मी पाय पसरून बसलो. समोर दोघं होते. एक गोंधळे मास्तर, तीस वर्षं गणित शिकवून कुणावरही विश्वास ठेवायचं विसरलेले. दुसरा मेडिकल दुकानाचा सुदर्शन. विषय त्यानंच काढला होता. त्याच्या दुकानात कसल्याशा नव्या गोळ्या आल्या होत्या, एका गोळीत दोन औषधं.

“एक अंगात जाऊन कळ दाबतंय तात्या, आणि दुसरं त्याच कळीवर हात ठेवून बसतंय, दाबू देत नाही,” तो सांगत होता. “गाडीला पुढनं एक बैल आणि मागनं एक बैल जुंपल्यागत. कंपनीवाल्यांना येड लागलंय.”

“येड नाही लागलेलं,” मी म्हटलं. “त्या गाडीत मी बसून आलोय. ऐक.”

सन एक्क्याऐंशी. आमच्या ग्रँड मार्तंड सर्कशीत तेव्हा एकच हत्तीण उरली होती, चंद्रसेना. दुसरी, गजगौरी, आदल्या वर्षी गेली. तिच्या कानामागं गळू झालं होतं. कुठल्याशा गावी एका डॉक्टरनं निजवायचं औषध टोचलं, गळू सुरेख कापलं, आणि हत्तीण छातीवर बसली ती उठलीच नाही. हत्ती छातीवर बसून राहिला की त्याचंच वजन त्याच्या श्वासावर बसतं. दोघींचा माहूत बाबालाल नदाफ, मिरजेचा. पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस, तीन तास तिच्या पोटाला खांदा लावून तिला उठवत होता. ती गार झाली तरी त्याचा खांदा निघेना. त्यानंतर त्यानं पैजेवर सांगितलं होतं, माझ्या जनावराला पुन्हा सुई लागणार नाही.

आणि नेमका चंद्रसेनेचा पुढचा डावा पाय सुजला. नखाच्या वर भोक पडलं, त्यातून पू यायला लागला. ती पाय टेकवीना, कुणाला हात लावू देईना. माझं काम तेव्हा जनावरांकडचं. बादल्या, मलम, पट्ट्या. मलम लावायला गेलो तर सोंडेनं मला उचलून चाऱ्याच्या ढिगावर ठेवलं.

इंदूनं वर पाहिलं आणि पुन्हा बेदाण्यांत मान घातली.

गडहिंग्लजच्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर त्रिशला शिरगुप्पे होत्या. तिशीच्या, खाकी शर्ट, पायात गमबूट, फटफटीवर आल्या. दहा हात लांबून पाय बघितला, वास घेतला, आणि म्हणाल्या, “आठ दिवस.”

“आठ दिवसांत बरा होईल?” बाबालालनं विचारलं.

“आठ दिवसांत नख काढून आतलं सडकं कापलं नाही तर हाडाला लागेल. मग मला बोलवू नका, बंदूकवाल्याला बोलवा.”

“मग कापा की बाई.”

“जागेपणी कापू? मला उचलून बेळगावात टाकेल ती.”

“सुई न्हाई.”

“सुईशिवाय मी चाकू काढणार नाही.”

बाबालाल हत्तिणीच्या पुढं जाऊन उभा राहिला. “मग आधी मला टोचा. मी उठलो तर तिला टोचा.”

दुसरी कुणी असती तर फटफटीला लाथ मारून निघून गेली असती. ह्या बाईनं हत्तीण ज्याच्यावर उभी राहायची ते रंगीत पिंप ओढलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “आधीची कशी गेली ते सांगा.”

त्यानं सांगितलं. सगळं, खांद्यापर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, “तुमच्या तंबूत खुर्च्या किती?”

“पाच हजार!” मागून आवाज आला.

हा ढवळे. सर्कशीत भोंग्यावर बोलणारा. ‘या, पाहा, मृत्यूच्या विहिरीत उडी’ म्हणणारा. माणूस वाईट नव्हता, पण आकडा त्याच्या पोटातून निघून ओठांवर येईपर्यंत वाटेत बाळंत व्हायचा. दोन सिंह असले की तो पाच म्हणायचा आणि त्यातला एक आफ्रिकेचा. गावोगावच्या भिंतींवर चुन्यानं आकडे रंगवायचं कामही त्याच्याकडंच.

“आठशे,” बाबालाल म्हणाला.

“बरं, आठशे,” डॉक्टर म्हणाल्या. “तिकीट काढून आलेला माणूस टाळ्या वाजवतो. आणि फुकट पासवाला?”

बाबालाल थुंकला. “त्यो कशाला वाजवतोय? पोलीस, नगरपालिकेचा सायेब, लायटीच्या हापिसातला. पान खात बसत्यात.”

“पण खुर्ची अडवतात.”

“अडवत्यात तर! तीबी पुढची.”

“मग झालं. हत्तिणीच्या अंगातही अशा खुर्च्या असतात. निजवायचं औषध म्हणजे तिकीटवाले. ते खुर्चीवर बसतात आणि टाळी पिटतात. टाळी जेवढी मोठी, झोप तेवढी गाढ. सगळा तंबू तिकीटवाल्यांनी भरला की तुमची गजगौरी.” त्यांनी पेटीतून दुसरी बाटली काढली. “हे पासवाले. त्याच खुर्च्यांवर बसतात आणि काही करत नाहीत. एरवी आम्ही हे शेवटी देतो, जनावराला उठवायला. मी आज आधीच मिसळणार आहे. तीन पासवाल्यांमागं एक तिकीटवाला.”

“मग टाळी कसली होतीय?”

“दोनशे माणसांची होईल. मला तेवढीच हवी. पायातली कळ मरेल, पण गुडघा मोडणार नाही. उभी राहील.”

बाबालालनं डोकं खाजवलं. “आणि औषध जास्ती गेलं तर? त्या डाक्टरनंबी मापूनच दिलं हुतं.”

“इथंच तर गंमत आहे,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. “दारावर हजार माणूस आलं काय आणि चार हजार आलं काय, त्यांच्यात तीनास एक हे प्रमाण तेच. आठशे खुर्च्या भरल्या की भरल्या. बाकीचे बाहेर उभे. आत टाळी दोनशेचीच. जास्त औषधानं ती जास्त झोपणार नाही, एका पायरीवर येऊन थांबेल. पायरी कुठं बांधायची ते प्रमाण ठरवतं.”

“असं आधी केलंय तुम्ही?”

“दोन वर्षं करतेय. म्हशी, रेडे, एक उंट. हत्ती पहिला.”

त्यांच्या जागी ढवळे असता तर चाळीस हत्ती म्हणाला असता. बाबालालनं हत्तिणीच्या कानाच्या चिरेवर हात फिरवला.

“आजवर एकबी डाक्टर ‘पहिल्यांदा करतोय’ असं म्हणाला न्हवता,” तो म्हणाला. “टोचा.”

“थांबा, एक खोट आहे, ती पण ऐका. पासवाले आधी उठतात.”

“ते तर हायच! खेळ संपायच्या आत चपला घालत्यात.”

“तसंच इथं. चाळीस मिनिटांनी ते निघायला लागतील. तिकीटवाले बसूनच राहतील. बाहेर कुणी उभं नसेल तर काही भीती नाही, खुर्च्या रिकाम्या राहतील, तीही हळूहळू जागी होईल. पण बाहेर गर्दी उरली असेल, तर रिकाम्या खुर्च्यांवर त्या गर्दीतले तिकीटवाले घुसतील. मग टाळी वाढेल, आणि ती खाली बसेल. म्हणून वजनाच्या हिशेबानंच द्यायचं, बाहेर कुणी उरू द्यायचं नाही.” त्यांनी वही उघडली. “वजन किती हिचं?”

“साडेपाच टन!” ढवळे म्हणाला.

“वजन केलंय?”

“केलंय म्हणजे? साखर कारखान्याच्या काट्यावर चढवली होती, उसाच्या गाड्या थांबवून. पाच टन पाचशे वीस किलो. पावती आहे.”

“पावती असेल तर ठीक,” म्हणून डॉक्टरांनी लिहून घेतलं.

गोंधळे मास्तरांनी मला थांबवलं. “काट्यावर खरंच चढवली होती?”

“चढवली होती. काटा खरा, हत्तीण खरी. आकडा खोटा. दोन टन नऊशे. काट्याच्या खोलीत ढवळे एकटा गेला होता. बाबालाल बाहेर हत्तिणीच्या मानेवर बसलेला, आणि त्याला अक्षरओळख नव्हती.”

“अहो, मग तिथं तरी खरं सांगायचं! औषध द्यायचं होतं.”

“मास्तर, कनातीच्या फटीफटीतून गाव डोळे लावून उभं होतं. आणि सर्कशीत एक रीत असते. तंबूबाहेरच्या माणसापुढं आकडा उतरवायचा नाही. एकदा पाच सिंह म्हटलं की पाच. एक मेला तरी पाच. मालकानं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती. आणि ढवळेला वाटलं, बाईच म्हणाल्यात ना, जास्त गेलं तरी पायरीवर थांबते. मग काय बिघडलं? चलाख माणसाला अर्धी गोष्ट फार लवकर कळते.”

तर सुई लागली. कसली सुई, सायकलचा पंप म्हणा! मागच्या मांडीत. बाबालालनं डोळे मिटून घेतले, हत्तिणीनं नाही. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून इंदूच्या हातात दिलं. इंदू आमच्याकडं एकचाकी सायकलचे खेळ करायची. अजून आमचं लग्न व्हायचं होतं. “दर दोन मिनिटांनी मोठ्यानं सांगायचं,” डॉक्टर म्हणाल्या.

“दोन,” इंदू म्हणाली. “चार.”

सहाव्या मिनिटाला कान हलायचे थांबले. आठव्याला सोंड लोंबली. दहाव्याला खालचा ओठ असा सुटला की आत दोन भाकऱ्या ठेवाव्यात. आणि बाराव्या मिनिटाला ते घोरणं सुरू झालं. बाबालाल दचकला, कारण गजगौरीही आधी घोरली होती. गजगौरीचे गुडघे नेमके तिथूनच वाकायला लागले होते.

आम्ही सगळे गुडघ्यांकडं बघत राहिलो.

चौदा. सोळा. गुडघे खांबासारखे ताठ.

“थांबली,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “पायरीवर आली.” मग त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, तिचा पाय पुढच्या ओंडक्यावर घेतला आणि चाकू लावला. मी लाल औषधाच्या पाण्याची बादली धरून. पहिल्या चिरेला जो वास सुटला, त्यानं कनातीच्या फटीतली निम्मी माणसं गेली. चंद्रसेनेनं पापणी हलवली नाही. वाटीभर पू, मग काळं सडकं, मग एक बाभळीचा काटा निघाला, हा एवढा, वीतभर.

“बोटभर,” इंदू म्हणाली.

“बोटभर. पण बोट तुझं नाही, बाबालालचं.”

वीस मिनिटं झाली. काम निम्मं व्हायचं होतं. डॉक्टर खुशीत होत्या. कापता कापता बाबालालला म्हणाल्या, “आता कसली भीती? वजन काट्यावरचं आहे. बाहेर गर्दी उरायची नाही.”

ढवळेनं ते ऐकलं. तो तंबूच्या मधल्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं बाबालालकडं पाहिलं. आणि बाबालाल काय करत होता? हत्तीण उभी होती, काही झालं नव्हतं, तरी त्यानं आपला खांदा तिच्या पोटाला लावून ठेवला होता. आधीच. कुणी सांगितलं नसताना. पंचावन्न किलोचा माणूस, आणि दोन टन नऊशेला आधार देऊन उभा.

ढवळेची जीभ टाळूला चिकटली. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव आली. कानात स्वतःचंच घोषवाक्य वाजायला लागलं.

“हे तुम्हाला कसं कळलं?” मास्तरांनी विचारलं. गणिताचा माणूस.

“चेहऱ्यावर दिसतं मास्तर. मी समोरच होतो, बादली घेऊन.”

इंदूची बोटं बेदाण्यांत थांबली होती. मी पुढं निघालो.

“बावीस,” इंदू तेव्हा म्हणाली, आणि ढवळे ओरडला.

“दोन टन नऊशे!”

अहो, भोंग्याशिवाय मैदानाच्या पलीकडं आवाज पोचवणारा गळा तो. गावानं ऐकलं. घोड्यांनी ऐकलं. मालकानं आपल्या तंबूत ऐकलं आणि हातातला चहा सांडला. फटीतून कुणीतरी म्हणालं, “आरं तिच्या, निम्मीच निघाली की!” आणि हशा झाला.

डॉक्टर वळल्या नाहीत. चाकू जागच्या जागी थांबला. “काय म्हणालात?”

“दोन टन नऊशे. पावती खोटी. साडेपाच नाही. कधीच नव्हती.”

बाबालाल त्याच्या अंगावर जायला निघाला. मारलाच असता, आणि मारायलाच हवा होता.

“बाबालाल!” डॉक्टर म्हणाल्या. “सोंडेपाशी. तिथून हलायचं नाही.” मग शांतपणे, पाढा म्हणावा तसं, “दुप्पट गेलंय. आत टाळी वाढलेली नाही, बघा, गुडघे ताठ आहेत. पण दारात दुसरा एक तंबू भरेल एवढी गर्दी उभी आहे. चाळीसाव्या मिनिटाला पासवाले निघाले की ती आत घुसेल. मला नुसत्या पासवाल्यांची बाटली हवी, त्याच्या आत. दवाखान्यात आहे, काचेच्या कपाटात, निळं टोपण. होती तेवढी मी ह्यात ओतली.”

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. फटफटीवर बाई जाऊ शकत नव्हत्या, हात हत्तिणीच्या पायात होते. फटफटी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. इंदूनं घड्याळ ढवळेच्या हातात कोंबलं, “निदान वेळ तरी खरी सांगा,” म्हणाली, आणि एकचाकी सायकलवर टांग मारून भर बाजारातून निघाली. कोबीच्या गाड्यांमधून, बैलांच्या शिंगांखालून, नदीच्या पुलावरून, एका चाकावर!

“दोन चाकं होती,” इंदू म्हणाली. “चाऱ्याच्या गड्याची सायकल. आणि पूल वाटेत नव्हता.”

“पण गेलीस ना?”

“गेले. त्याला ब्रेक नव्हते, ते सांगा.”

तर ब्रेक नव्हते. इकडं ढवळे मिनिटं मोजतोय. “चोवीस. सव्वीस.” आवाज असा बारीक झालेला की सोंगाड्यानं मैनेचा काढावा. डॉक्टर कापतायत. थांबून चालणार नव्हतं, उघडा पाय तसा ठेवता येत नाही. तीस. चौतीस. सडकं संपलं, आतून लाल, जिवंत मांस दिसलं. डॉक्टरांनी माझ्या बादलीतलं पाणी दोनदा ओतलं, औषध भरलं, गोणपाटाचा जोडा पायाला चढवला.

“अडतीस.”

मागचा उजवा गुडघा थरथरला.

बाबालालनं हाक मारली, मोठ्यानं नाही, लेकराला मारतात तशी. “सेना. ए सेना. हिकडं बघ.” तिनं पापणी उघडली आणि पुन्हा मिटली.

“चाळीस.”

मागचे दोन्ही पाय हळूहळू फाकायला लागले. डॉक्टर उठल्या, रक्तानं माखलेल्या हातांनी तिच्या मांडीला टेकल्या. ढवळेनं घड्याळ तोंडात धरलं आणि तोही टेकला. मी टेकलो. विदूषक टेकले, स्वयंपाकी टेकला, कनात फाडून गावातली दहा-वीस माणसं आत आली आणि काय चाललंय ते न विचारता टेकली. हत्तीण माणसांच्या जोरानं उभी राहत नसते, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी टेकली.

आणि मैदानाच्या तोंडाशी सायकल आपटल्याचा आवाज झाला. इंदू पडली, उठली, धावत आली. दोन्ही कोपरं सोललेली, पण बाटली ओच्यात गुंडाळलेली, तिला चरा नाही.

“किती देऊ?” डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या आणि मग ढवळेकडं बघितलं. “शेवटचं विचारते. वजन?”

“दोन टन नऊशे. आईशपथ.”

पंप भरला, टोचला. एक मिनिट काहीच नाही. दुसरं मिनिट. मग घोरणं थांबलं. ती शांतता फार वाईट होती. गजगौरीचंही घोरणं असंच थांबलं होतं. बाबालालनं कपाळ तिच्या सोंडेवर टेकलं.

आणि कान हलला. एक. उजवा. सुपानं धान्य पाखडावं तसा. मग डावा. मागचे पाय एकेक करून जवळ आले. शेपटीनं विदूषकाच्या तोंडावर फटका मारला. सोंड वर गेली, बाबालालच्या डोक्यावरचा रुमाल उचलला, आणि तिनं अशी किंकाळी फोडली की बाजारात कोबीचे भाव उतरले. हे इंदूनंही खोडून काढलेलं नाही, बघा.

लोकांनी टाळ्या पिटल्या. पहिल्या रांगेत पान खात उभा असलेला नगरपालिकेचा साहेबसुद्धा टाळ्या पिटत होता, फुकट पासवाला! बाबालाल रडत होता आणि रडता रडता ढवळेला शिव्या देत होता, आणि शिव्या देता देता त्याच्या गळ्यात पडला होता. डॉक्टर बादलीत हात धूत होत्या. त्या ढवळेला म्हणाल्या, “तुमचं खोटं वीस मिनिटं औषधानं सांभाळलं. पुढचं तुम्ही सांभाळलंत. बावीसऐवजी बत्तीसाव्या मिनिटाला बोलला असतात, तर बाटली पोचली नसती.”

पाय महिन्यात भरून आला. चंद्रसेना पुढं अकरा वर्षं रिंगणात उभी राहिली आणि म्हातारी होऊन मेली, आपल्या पायांवर. डॉक्टरांनी ते प्रमाण वहीत लिहून ठेवलं. पुढच्या खेळाला मालक म्हणाला, आता भोंग्यावर काय सांगायचं, आब्रू गेली. तर भोंग्यावरून घोषणा झाली, “दोन टन नऊशे किलोची चंद्रसेना! काट्यावर तोललेली, एक किलो जास्त नाही, एक किलो कमी नाही!” तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. साडेपाच टनाला कधी तेवढी टाळी पडली नव्हती.

सुदर्शन बोटांवर काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, “म्हणजे त्या गोळीत बी तसंच. कुणी चार खाल्ल्या तरी पायरीच्या वर जायचं न्हाई.”

“आणि मागाहून कोण उठतंय ते बघायचं,” मी म्हटलं. “ते विसरू नकोस.”

गोंधळे मास्तरांनी चष्मा पुसला. “त्या ढवळ्याचं पुढं काय झालं हो?”

“गेला,” मी म्हटलं. “त्याच संध्याकाळी ट्रंक उचलून निघून गेला. कोण म्हणतं हुबळीला, कोण म्हणतं दुबईला, उंटांच्या शर्यतीत भोंग्यावर. पुन्हा कुणाला दिसला नाही.”

“खोटं!” इंदू म्हणाली. बेदाण्यांचं सूप तिनं खाली ठेवलं होतं. “मास्तर, आमच्या सर्कशीत ढवळे नावाचं कुणी नव्हतंच. बादल्या बाबालालचा भाऊ धरायचा. भोंग्यावर हेच बोलायचे. वजन फुगवलं ते ह्यांनीच, आणि भर गावापुढं ओरडून उतरवलं तेही ह्यांनीच. त्याच्याआधी मला दोनदा मागणी घातली होती ह्यांनी. ह्या माणसाच्या तोंडाचा भरवसा नाही म्हणून मी दोनदा नाही म्हटलं होतं. तो ढवळे कुठंसुद्धा गेलेला नाही. चव्वेचाळीस वर्षं माझ्याच हातची भाकरी खातोय.”